पित्तातलं वाकडं मेदाम्ल आणि कॉलऱ्याची कळ

थंडीच्या दिवसांत साजूक तूप बरणीत थिजून बसतं, चमच्याने खरवडून काढावं लागतं. शेजारच्याच फळीवरचं शेंगदाण्याचं तेल फार तर जरा दाटसर होतं, पण वाहतं. दोन्ही स्निग्धच. फरक आहे तो त्यांच्या रेणूंच्या आकाराचा. तुपात सरळसोट मेदाम्लं, म्हणजे फॅटी ॲसिडं, जास्त. सरळ काड्यांची मोळी जशी घट्ट बांधली जाते, तशी ती एकमेकांना चिकटून बसतात. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्लासारखी, मधेच वाकलेली मेदाम्लं जास्त. वाकड्या फांद्यांची मोळी घट्ट होत नाही, म्हणून तेल पातळ राहतं.

हा एवढासा वाक लक्षात ठेवा. कॉलऱ्याच्या जंतूने विष तयार करायचं की थांबायचं, हे ठरवण्यात त्याचा वाटा आहे.

कॉलऱ्याला आपल्याकडे पटकी म्हणत. सकाळी शेतावर गेलेला माणूस दुसरी सकाळ पाहील याची खात्री नाही, असा तिचा वेग. गावोगाव वेशीजवळ मरीआईची ठाणी आहेत, त्यांच्यामागे ही धास्ती आहे. वारीला निघायचं तर आधी कॉलऱ्याची लस टोचून घ्यावी लागे, हे सांगणारी माणसं आजही भेटतात. आपल्या शहरांतून पटकी बरीचशी हटली, जगातून हटलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी १३ ते ४० लाख लोकांना कॉलरा होतो आणि २१ हजार ते १ लाख ४३ हजार माणसं त्यात दगावतात. पाणी स्वच्छ नसेल आणि सरकारी यंत्रणा कोलमडलेली असेल तिथे ती आजही तशीच येते. येमेनमध्ये २०१७ साली दहा लाखांच्या घरात संशयित रुग्ण नोंदले गेले.

जंतूचं नाव व्हिब्रिओ कॉलरी. स्वल्पविरामासारखा बाकदार, मागे एक शेपूट, पाण्यात सुसाट पोहणारा. आपलं आतडं हे त्याचं कायमचं घर नव्हे. नदी समुद्राला मिळते तिथलं मचूळ पाणी, आणि त्या पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवांची अंगं, तिथे तो पिढ्यानपिढ्या राहतो. तिथे विषाचा त्याला काही उपयोग नाही. उलट विष तयार करायला ऊर्जा लागते, आणि उपाशी पाण्यात ऊर्जा उधळणारा जंतू मागे पडतो. म्हणून विषाची जनुकं जवळ बाळगायची, पण मिटून ठेवायची. माणसाच्या आतड्यात पोचल्यावर, तिथेही नेमक्या जागी, ती उघडायची. हे सगळं डोळे नाहीत, मेंदू नाही, अशा एका पेशीला जमतं. कसं जमतं याचं उत्तर प्रथिनांच्या आकारात आहे.

आधी विषाबद्दल थोडं. १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं की कॉलऱ्याचे जंतू पूर्ण गाळून काढलेलं नुसतं द्रवदेखील सशाच्या आतड्याच्या दोन्हीकडून बांधलेल्या तुकड्यात सोडलं, तर तो तुकडा पाण्याने टम्म फुगतो. म्हणजे पाणी खेचून घेण्यासाठी जंतूने तिथे हजर असण्याचीही गरज नाही. त्याने बाहेर टाकलेलं विष पुरतं. हे विष एक प्रथिन आहे. पाच सारख्या तुकड्यांचं एक कडं आणि त्यावर बसवलेला सहावा तुकडा. कडं आतड्याच्या पेशीला चिकटतं, सहाव्या तुकड्याचा एक भाग पेशीत शिरतो आणि तिथली एक कळ चालू असतानाच अडकवून टाकतो. पेशी क्लोराइड बाहेर फेकत सुटते आणि त्यामागून सोडियम आणि पाणी. आजार तीव्र असेल तर मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पाणी बाहेर टाकणारी वाट या विषाने सताड उघडली, तरी साखरेच्या सोबतीने मीठ आत घेणारी पेशीची दुसरी वाट त्याला बंद करता येत नाही. मीठ-साखरेचं पाणी कॉलऱ्यात जीव वाचवतं ते त्या दुसऱ्या वाटेमुळे. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी रुग्णांना पाजलं, आणि मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. पुढे जे वाचाल ते कितीही मोहक वाटलं, तरी रुग्णाच्या तोंडाशी धरायचं ते हेच पाणी.

आता जनुकांकडे. या जंतूचा डीएनए दोन गुणसूत्रांवर मिळून सुमारे ४० लाख अक्षरांचा. अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. एखाद्या जनुकापासून प्रथिन तयार व्हायचं तर आरएनए पॉलिमरेझ नावाच्या वाचक यंत्राने त्या जनुकाच्या सुरुवातीला येऊन बसलं पाहिजे. जनुकाचं नियंत्रण म्हणजे मुख्यतः या यंत्राला बसू द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न.

विषाचं जनुक मुळात या जंतूचं नाहीच. १९९६ साली मॅथ्यू वाल्डॉर आणि जॉन मेकालानोस यांनी दाखवलं की ते एका विषाणूबरोबर आलं. जंतूंना लागण करणारा विषाणू, त्याने आपल्या सामानातून विषाचं जनुक आणून या जंतूच्या डीएनएत बसवून दिलं. बाहेरून आलेल्या अशा डीएनएत बहुधा ए आणि टी ही अक्षरं जास्त असतात. जंतूकडे एच-एनएस नावाचं एक प्रथिन आहे, त्याला अशीच जागा आवडते. एक रेणू तिथे बसतो, त्याला दुसरा चिकटतो, दुसऱ्याला तिसरा. बघता बघता डीएनएवर साखळी तयार होते आणि वाचक यंत्राला बसायला जागाच उरत नाही. एच-एनएसच्या रेणूला दोन टोकं आहेत, एक डीएनएला धरणारं आणि एक भावंडांना धरणारं, म्हणून हे शक्य होतं. एकच टोक असतं तर साखळी बनलीच नसती. विषाचं जनुक घरात घेतलेलं, पण कुलूपबंद, ही त्याची नेहमीची अवस्था.

कुलूप काढायला दोन पायऱ्या लागतात. पहिली पायरी मला फार विलक्षण वाटते, कारण ती नेहमीच्या पद्धतीला सोडून आहे. डीएनएला धरणारी प्रथिनं साधारणपणे पेशीच्या आत मोकळी फिरत असतात. कॉलऱ्याच्या जंतूतलं टॉक्स-आर तसं नाही. मेकालानोस यांच्याच प्रयोगशाळेने १९८७ साली दाखवलं की ते पेशीच्या आवरणात आरपार रोवलेलं असतं. उंबरठ्यावर बसलेल्या माणसाचा एक पाय घरात, एक अंगणात, तसं. आतला भाग डीएनए धरतो, बाहेरचा भाग अंगणातली हवा ओळखतो. टीसीपी-पी नावाचं त्याचं जोडीदार प्रथिनही असंच उंबरठ्यावर बसतं. बाहेर काय चाललंय ते आत कळवायला मधे कुणी निरोप्या लागत नाही. बाहेरच्या भागाचा आकार बदलला की तोच निरोप.

टीसीपी-पीच्या बाहेरच्या भागात सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल दोन जागी आहे. एरवी ही दोन गंधकं आपापसांत बांधलेली असतात, जणू स्वतःचेच हात बांधून बसावं तशी. जंतू आतड्यात येतो, त्याला पित्तातले क्षार भेटतात, आणि ती गाठ सुटते. सुटलेलं गंधक मग शेजारच्या टीसीपी-पीच्या गंधकाशी गाठ बांधतं. एकाचे दोन झाले. डीएनएला धरायला अशी जोडीच लागते. जोडी जमली, टॉक्स-आरची साथ मिळाली, की दोघं मिळून एकच जनुक उघडतात. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचं नाव टॉक्स-टी. आता सगळा कारभार त्याच्या हातात.

टॉक्स-टी हे २७६ अमिनो आम्लांचं प्रथिन. माळेत मणी ओवावेत तशी ही आम्लं एकापुढे एक जोडलेली असतात, पण पेशीत माळ लांब पसरून राहत नाही. काही मण्यांना पाणी आवडतं, काहींना नाही. न आवडणारे आत दडतात, आवडणारे बाहेर राहतात, आणि या ओढाताणीत माळ स्वतःभोवती दुमडत एका ठरावीक घडीत स्थिरावते. टॉक्स-टीच्या घडीचे दोन भाग पडतात. पुढचा मोठा भाग गोलसर, पोटात पोकळी असलेला. मागचा लहान भाग डीएनए धरणारा, आणि त्यात दोन बोटं.

बोटं म्हणजे प्रथिनाचेच पीळदार तुकडे. एक जाड सुंभाचा दोर घ्या आणि त्याच्या पिळात जी खाच दिसते तिच्यात तर्जनी टेकवा. पुढच्या वेढ्याच्या खाचेत मधलं बोट टेकवा. दोन्ही बोटं एकाच बाजूने, एकमेकांना समांतर राहिली तरच नीट बसतात. एक बोट जरा तिरकं केलंत तर पहिलं बसेल, दुसरं दोरावर नुसतं घसरेल. डीएनएही असाच पीळ, एका वेढ्याची लांबी साधारण ३.४ नॅनोमीटर, आणि टॉक्स-टीला आपली दोन बोटं लागोपाठच्या दोन खाचांत रुतवायची असतात. ती रुतली की टॉक्स-टी एच-एनएसची साखळी बाजूला सारतो आणि वाचक यंत्राला जागा करून देतो. विषाचं जनुक वाचलं जातं. जंतूंना एकमेकांत गुंतवून आतड्यात टिकवणाऱ्या तंतूंची जनुकंही वाचली जातात. तंतूंच्या जनुकांना लागूनच टॉक्स-टीचं स्वतःचं जनुक आहे, तेही त्याच ओघात वाचलं जातं, म्हणजे टॉक्स-टी आणखी टॉक्स-टी तयार करवतो. एकदा सुरुवात झाली की थांबवणं कठीण.

हे सगळं जनुकशास्त्राच्या प्रयोगांतून बऱ्यापैकी कळलं होतं. न कळलेली एक गोष्ट मात्र सलत होती. पित्त असलं की कॉलऱ्याचा जंतू विष आणि तंतू कमी बनवतो, असं कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल बायॉलॉजीतल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं होतं. २००७ साली त्यांनीच आणखी खोलात जाऊन सांगितलं की हा परिणाम पित्तातल्या असंतृप्त मेदाम्लांचा आहे, म्हणजे त्याच वाकड्या मेदाम्लांचा. पण मेदाम्ल जनुकाला गप्प कसं करतं? त्याचा डीएनएशी काय संबंध?

उत्तर २०१० साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात मिळालं, आणि ज्या रीतीने मिळालं ती मला उत्तराइतकीच आवडते. तिथल्या संशोधकांना टॉक्स-टीचा आकार बघायचा होता. त्यासाठी प्रथिन भरपूर लागतं, म्हणून ते ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जंतूकडून बनवून घेतलं, शुद्ध केलं, त्याचे स्फटिक केले आणि त्यांच्यावर क्ष-किरण सोडले. किरण ज्या रीतीने विखुरतात त्यावरून प्रत्येक अणू कुठे आहे याचा नकाशा काढता येतो. हा नकाशा ०.१९ नॅनोमीटरपर्यंतचे बारकावे दाखवणारा होता. त्यात टॉक्स-टी दिसलंच, पण त्याच्या पोटातल्या पोकळीत आणखी काहीतरी होतं. लांब, बारीक, मधे वाकलेलं. ते कुणी घातलेलं नव्हतं. ते होतं १६ कार्बनचं पामिटोलेइक आम्ल, ओलेइकचं धाकटं भावंड म्हणा. ई. कोलायच्या पेशीत असताना टॉक्स-टीने ते उचललं होतं, आणि शुद्धीकरणाच्या सगळ्या धुण्या-गाळण्यांतही सोडलं नव्हतं.

ते कसं बसलं होतं ते पाहण्यासारखं आहे. मेदाम्लाला एक तेलकट शेपटी असते आणि एक ऋण भार असलेलं डोकं. शेपटी पोकळीच्या तेलकट भिंतींत आत गेलेली. पोकळी स्वतःच वळणदार असल्यामुळे वाकडी शेपटी तिथे नेमकी मावते; सरळ शेपटीचा परिणाम त्यामानाने क्षीण. डोकं पोकळीच्या तोंडाशी. तिथे लायसिन नावाची धन भाराची दोन अमिनो आम्लं त्याला दोन्ही बाजूंनी धरून होती. एक ३१व्या जागेवरचं, प्रथिनाच्या पुढच्या भागातलं. दुसरं २३०व्या जागेवरचं, मागच्या, डीएनए धरणाऱ्या भागातलं. म्हणजे प्रथिनाचे दोन भाग त्या एका डोक्याने एकमेकांशी कडी-कोयंड्यासारखे अडकवून टाकले होते. आणि या अडकण्यात मागच्या भागातली दोन बोटं तिरकी झाली होती. याच कुळातलं ई. कोलायमधलं मार-ए हे प्रथिन डीएनएला धरलेल्या स्थितीत आधीच पाहिलेलं होतं. त्याची बोटं समांतर. टॉक्स-टीची नाहीत. अशा बोटांनी दोर धरता येत नाही.

म्हणजे मेदाम्ल डीएनएच्या जवळपासही जात नाही. ते प्रथिनाच्या पोटात बसतं आणि तिथून त्याची बोटं वाकडी करतं. पुढे प्रयोगांत पामिटोलेइक आणि ओलेइक आम्ल घातल्यावर टॉक्स-टी डीएनएला धरेनासं झालं, विष आणि तंतू दोन्हींची जनुकं मंदावली.

आता जंतूचा आतड्यातला प्रवास डोळ्यांपुढे आणा. जठराचं आम्ल सोसून तो लहान आतड्यात येतो. तिथे पोकळीच्या मधोमध पित्त वाहतंय. पित्तातले क्षार टीसीपी-पीला सांगतात, आतड्यात आलास, तयारी कर. पित्तातलीच मेदाम्लं टॉक्स-टीला सांगतात, अजून नाही. दोन्ही निरोप एकाच पित्तातून येतात, आणि यात विसंगती काहीच नाही. टॉक्स-टी तयार करून ठेवायचं, पण मिटलेलं. जंतू शेपटी फिरवत आतड्याच्या भिंतीवरच्या चिकट थराकडे जातो. पेशी जवळ येतात, तिथे मेदाम्लं कमी होतात आणि पेशींनी सोडलेलं बायकार्बोनेट वाढतं. बायकार्बोनेट असलं की टॉक्स-टी जास्त जोमाने काम करतं, हेही २००९ साली दाखवलं गेलं आहे. पोकळी रिकामी, बोटं समांतर, जनुकं उघडी. मधल्या प्रवाहात सोडलं असतं तर वाहून गेलं असतं ते विष आता थेट पेशींच्या अंगावर सोडलं जातं. आतड्यात जागेप्रमाणे काय घडतं याचं संशोधकांनी मांडलेलं चित्र हे असं आहे.

साहजिकच पुढचा विचार येतो तो औषधाचा. टॉक्स-टीला कायमचं मिटवून ठेवता आलं तर जंतू जिवंत राहील, पण निरुपद्रवी. आकार माहीत होण्याच्या आधीच, २००५ साली, मेकालानोस यांच्या गटाने ५० हजार रसायनं तपासून व्हर्स्टॅटिन नावाचा एक रेणू शोधला होता. त्याने टॉक्स-टीच्या रेणूंना जोडी जमवता येत नाही, आणि उंदरांच्या पिल्लांच्या आतड्यात जंतू ठाण मांडू शकला नाही. २०१० च्या नकाशानंतर पोकळीचा साचा हाती आला, आणि त्यात बसतील असे रेणू मुद्दाम घडवले जाऊ लागले. जंतू मारायचाच नसल्यामुळे त्याच्यावर प्रतिकार कमावण्याचा दाब कमी राहील, अशी या मार्गामागची आशा आहे. ही आशा मला पटते, पण तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. व्हर्स्टॅटिनला न जुमानणारं टॉक्स-टी त्याच २००५ च्या अभ्यासात सापडलं. बदल केवढा? ११३व्या जागेवर ल्युसिनऐवजी प्रोलिन. २७६ मण्यांतला एक मणी बदलला की घडी तेवढीच हलते आणि औषध बोथट होतं. यातलं कुठलंही औषध आज दुकानात मिळत नाही. आणि कॉलरा झालेल्याने तेल प्यावं असाही अर्थ कुणी काढू नये. त्याला लागतं मीठ-साखरेचं पाणी, गरजेप्रमाणे सलाईन, आणि डॉक्टरांनी दिलं तर प्रतिजैविक.

२०१५ साली संयुग्मी लिनोलेइक आम्ल या दुसऱ्या एका वाकड्या मेदाम्लाची चाचणी झाली. कोलकात्यातले संशोधक त्यात सहभागी होते. चाचणी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यातच केली गेली. ही रीत शंभुनाथ डे यांनी १९५३ साली बसवलेली, तिच्यावरच त्यांनी पुढे विष ओळखलं, आणि मायदेशात मोठा सन्मान न मिळता १९८५ साली ते गेले. तुकड्यात कॉलऱ्याचे जंतू होते. मेदाम्ल नसलेले तुकडे फुगले. मेदाम्ल असलेल्यांत पाणी जवळजवळ साठलंच नाही.